उष्टावणाची खीर आणि पीपीबी

मामा होणं ही फार मजेची गोष्ट आहे असं मला वाटायचं. काही करावं लागत नाही, फुकटचा मान मिळतो. पण दिवाळीच्या सुट्टीत ताईची चिऊ सहा महिन्यांची झाली आणि घरात उष्टावणाची बोलणी सुरू झाली. आपल्याकडे पहिला घास मामानं भरवायचा असतो. चांदीची वाटी, तांदळाची खीर आणि समोर फोटो काढायला पंधरा मोबाईल. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग ताईनं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. तांदळाचं बेबी सिरियल. म्हणाली, "उष्टावण झालं की रोज हे चालू करायचं म्हणते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या तांदळात आर्सेनिक असतं, म्हणून अमेरिकेत असलं काही मागे घेतलं. खरं का रे? तू इंजिनिअर आहेस ना, वाचून सांग."

मी मेकॅनिकलचा. थर्ड इयर. गिअरबॉक्सबद्दल विचारलं असतं तर निदान थापा तरी मारल्या असत्या. मी पाकीट चारी बाजूंनी वाचलं. लोह किती, कॅल्शियम किती, जीवनसत्त्वं कोणती, बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं होतं. आर्सेनिकबद्दल एक अक्षर नाही. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली, इंग्रजी बरं आहे, पण जे छापलेलंच नाही ते कुठल्याही मीडियमच्या पोराला वाचता येत नाही! ताईला म्हटलं, "दोन दिवस दे." त्या दोन दिवसांचे पुढे दोन महिने झाले. त्यातून जे हाती लागलं आणि त्यावरून माझं जे मत झालं, ते इथे मांडतो.

आधी शेजारच्या वहिनींचं. त्या बरोबर होत्या. जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बीच-नट कंपनीनं आपलं तांदळाचं बेबी सिरियल बाजारातून परत बोलावलं. अलास्का राज्यानं नेहमीची तपासणी म्हणून नमुना घेतला होता आणि त्यात अजैविक आर्सेनिक ठरलेल्या पातळीच्या वर निघालं. ती पातळी तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२० मध्ये पक्की केली होती : १०० पीपीबी. कंपनीनं तेवढ्यावर न थांबता तांदळाचं सिरियल विकणंच बंद केलं, कारण या पातळीच्या खात्रीनं खाली राहणारं तांदळाचं पीठ सतत मिळेल याचा तिला भरवसा वाटेना. युरोपनं तर लहान मुलांच्या खाण्यासाठीच्या तांदळाला हीच १०० ची मर्यादा जानेवारी २०१६ पासून लावलेली आहे.

१०० पीपीबी म्हणजे किती? आपल्या रस्त्यावरून उसाचे ट्रक जातात, तसा दहा टनांचा एक ट्रक डोळ्यांसमोर आणा, पण उसाऐवजी तांदळानं भरलेला. त्या अख्ख्या ट्रकात मिळून एक ग्रॅम आर्सेनिक, म्हणजे १०० पीपीबी. एवढ्यानं काय होतं, असं माझ्या रूम पार्टनरनं विचारलं. तुम्हालाही तेच वाटलं असेल. एका वाटीनं काहीच होत नाही. हे उंदराच्या औषधासारखं खाल्लं की आडवं करणारं प्रकरण नाही. अजैविक आर्सेनिक माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते पहिल्या गटात घातलेलं आहे. पण ते वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाण्यानं. लहान बाळाच्या बाबतीत वाढत्या मेंदूचीही काळजी आहे. शिवाय बाळाचं वजन सात-आठ किलो आणि खाणं ठरलेलं एकच, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. अमेरिकन प्रशासनाच्या हिशोबानं, वजनाच्या मानानं बाळाच्या पोटात मोठ्या माणसाच्या तिप्पट तांदूळ जातो. आपण मेसमध्ये भात कितीही हाणला तरी चिऊशी बरोबरी होत नाही.

आता तांदूळच का? हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आर्सेनिक जमिनीत सगळीकडे थोडंफार असतंच. कोरड्या जमिनीत ते लोखंडाच्या गंजाला, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडला, चिकटून बसलेलं असतं. भाताच्या खाचरात पाणी तुंबवून ठेवतात. तिथली हवा संपते, गंज विरघळायला लागतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होऊन पाण्यात येतं. त्यात भाताच्या रोपाला सिलिकॉनची भारी हाव. धाटं ताठ राहायला आणि तूस कडक व्हायला त्याला सिलिकॉन लागतं, आणि ते ओढून घ्यायला त्याच्या मुळांत खास दारं असतात. पाण्यातलं हे आर्सेनिक त्या दारांना सिलिकॉनसारखंच दिसतं. आलं आत! कोणी कारखान्यात भेसळ केली म्हणून नाही, कंपनी वाईट म्हणून नाही, रोपाची ती सवय आहे म्हणून. दाण्यात पोचल्यावर त्याचा बराच भाग वरच्या कोंड्यात साठतो, त्यामुळे 'हेल्दी' म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या बिनसडीच्या तांदळात ते पांढऱ्यापेक्षा जास्त असतं.

म्हणजे "पाकीट वाईट आणि घरचं चांगलं" हेही खरं नाही. आईनं तेच म्हटलं होतं, "फेक ते पाकीट, मी घरी तांदूळ भाजून भरड करते." आई, तांदूळ तोच गं. भरड तू केलीस काय आणि मशीननं केली काय! उलट एक गंमत आहे. भरपूर पाण्यात, म्हणजे एकास सहा ते दहा वाट्या पाण्यात भात शिजवून वरचं पाणी काढून टाकलं तर अजैविक आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होतं, असं अमेरिकन प्रशासनानं मोजलंय. (त्याबरोबर थोडी जीवनसत्त्वंही जातात, ते वेगळं.) कोकणात भात असाच वेळतात, त्याला वेळणीच असते. पण ते वेळलेलं पाणी आपण कुणाला पाजतो? बाळाला. पेज म्हणून. हे कळलं तेव्हा मी आणि ताई फोनवर दोन मिनिटं गप्पच होतो.

तर मग तपासून बघू, हे सरळ उत्तर. इंजिनिअरच्या डोक्यात दुसरं काय येणार? मला वाटलं, कॉलेजची केमिस्ट्री लॅब आहे, फर्स्ट इयरला तिथेच ब्युरेट फोडून दंड भरलाय, सर ओळखतात. पुस्तकात जुनी चाचणी सापडली : जस्त आणि ॲसिड टाकायचं, आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होतो आणि वर लावलेला कागद पिवळा-तपकिरी पडतो. बंगालमध्ये, बांगलादेशात हातपंपाचं पाणी याच तत्त्वाच्या किटनं तपासतात. मी उत्साहात सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझ्या ॲसिडमध्ये किती आर्सेनिक आहे?"

मी गप्प.

"आणि जस्तात? काचेच्या भांड्यात? अरे, तू ट्रकभर तांदळात एक ग्रॅम शोधायला निघालास. आधी तुझी फावडी-घमेली स्वच्छ आहेत का ते बघ."

प्रयोगशाळेतली तपासणी म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. आपण समजतो, मशीनमध्ये नमुना घातला की आकडा बाहेर पडतो, वजनकाट्यासारखा. तसं नसतं. या कामाचं मशीन म्हणजे आयसीपी-एमएस. त्यात नमुना आरगॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या ज्वाळेतून जातो, त्याचे अणू सुटे होतात आणि मशीन ते वजनानुसार मोजतं. आर्सेनिकच्या अणूचं वजन ७५. आता गंमत बघा. आरगॉन ४० चा, क्लोरीन ३५ चा. नमुन्यात मीठ असलं की क्लोरीन आला, तो आरगॉनला चिकटला, बेरीज ७५! मशीन म्हणतं, सापडलं आर्सेनिक. म्हणजे चिमूटभर मिठाचं आर्सेनिक होऊ शकतं. हे टाळायला मध्ये हेलियम वायूचा अडथळा ठेवतात. मोठी जोडगोळी त्यात जास्त धडपडते आणि मागे राहते, एकटा अणू पुढे जातो. मेकॅनिकलवाल्याला सुद्धा हे ऐकून त्या मशीनच्या पाया पडावंसं वाटलं.

एवढ्यानंही भागत नाही. आर्सेनिक दोन जातींचं असतं. अजैविक म्हणजे जास्त विषारी, आणि कार्बनला जोडलेलं सेंद्रिय, जे तुलनेनं बरंच सौम्य मानतात. तांदळात दोन्ही असतात. नेहमीच्या पद्धतीत नमुना कडक नायट्रिक ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवतात, त्यात दोन्ही एकत्र मोजली जातात आणि मिळतं ते 'एकूण आर्सेनिक'. अमेरिकेची आणि युरोपची १०० ची पातळी मात्र फक्त अजैविकची आहे. ते वेगळं काढायचं तर सौम्य ॲसिडमध्ये गरम करून हळुवार बाहेर काढायचं, दुसऱ्या यंत्रातून, क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून, एकेक जात वेगळी करायची आणि मग मोजायची. वेळ जास्त, खर्च जास्त, हात तयार लागतो.

याचं सुंदर उदाहरण सरांनी दाखवलं. प्रयोगशाळांना आपलं मशीन बरोबर मोजतंय का हे ताडून बघायला प्रमाणित तांदळाचं पीठ मिळतं, अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था ते तयार करते. १५६८बी असा त्याचा नंबर. त्या पिठाच्या प्रमाणपत्रावर एकूण आर्सेनिक २८५ पीपीबी लिहिलेलं आहे आणि अजैविक ९२. बाटली तीच, पीठ तेच! एक आकडा घेऊन कोणी टीव्हीवर "मर्यादेच्या तिप्पट विष" म्हणून ओरडू शकतो, दुसरा घेऊन कंपनी "पूर्ण सुरक्षित" म्हणू शकते, आणि दोघांच्या हातात खरा रिपोर्ट असेल.

इथे आपल्या सगळ्यांच्या जिवाभावाचा विषय येतो : मॅगी. हॉस्टेलवर २०१५ आठवतं का विचारलं तर आपण तेव्हा शाळेत होतो, पण घरातली मॅगी अचानक गायब झाली होती हे सगळ्यांना आठवतं. प्रकरण असं होतं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ साली घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेला १७.२ पीपीएम शिसं सापडलं, मर्यादा होती २.५. देशभर धडाधड तपासण्या सुरू झाल्या. ५ जून २०१५ ला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बंदी घातली, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या एफडीएनं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ ला न्या. कानडे आणि न्या. कुलाबावाला यांच्या खंडपीठानं दोन्ही आदेश रद्द केले. कारण? एक तर कंपनीला बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. दुसरं म्हणजे ज्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टांवर बंदी उभी होती, त्यांच्याकडे कायद्याला लागणारी मान्यता नव्हती. कोर्टानं नमुने हैदराबाद, मोहाली आणि जयपूर इथल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पाठवायला सांगितले. तिन्हीकडे शिसं मर्यादेच्या आत निघालं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मॅगी निर्दोष होती. मी एवढंच म्हणेन की बाराबंकीच्या त्या पाकिटात नक्की काय होतं हे आपल्याला आता कधीच कळणार नाही. १७.२ खरं असलं तरी त्या आकड्याचा उपयोग शून्य झाला. सरकारनं नमुना उचलला, पैसा खर्च केला, देशभर गोंधळ घातला, आणि शेवटी पहिल्याच प्रश्नावर विकेट पडली : मोजलं कुठे?

दुसरी केस तर थेट लहान मुलांची. मुलुंडच्या कारखान्यात बनणारी जॉन्सनची बेबी पावडर. डिसेंबर २०१८ मध्ये एफडीएनं नमुना घेतला, वर्षभरानं रिपोर्ट आला की पीएच ठरलेल्या मर्यादेत नाही, आणि लायसन्स रद्द केलं सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ चार वर्षं! २०१८ ची पावडर लावलेली बाळं तोवर बालवाडीत गेली. ११ जानेवारी २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, उशिरावरून एफडीएला चांगलंच सुनावलं, आणि नव्यानं काढलेले नमुने पास झालेले होते. इथे प्रश्न 'कुठे' असा नव्हता, 'कधी' असा होता.

या दोन्ही निकालांवर चिडणारे लोक मी पाहिलेत. "कोर्ट कंपन्यांना सोडतं" वगैरे. मला उलट वाटतं. सबमिशनमध्ये आपण ऑब्झर्व्हेशन टेबल न लिहिता नुसतं रिझल्ट लिहिलं तर सर वही फेकतात, बरोबर उत्तर असलं तरी. कोर्टानं तेच केलं. वही फेकली जाईल असं काम करायचंच कशाला? आणि खरं तर आपला कायदा कच्चा नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ वाचून बघा. नमुन्याचे चार भाग करायचे : एक विश्लेषकाकडे, दोन अधिकाऱ्याकडे राखून, आणि चौथा, कंपनीनं मागितलं तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकानं १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा. हे सगळं लिहिलेलं आहे.

त्याच कायद्यात मला कलम ४० सापडलं आणि मी हॉस्टेलच्या कॉटवरून उडालोच. कोणीही ग्राहक, म्हणजे तुम्ही-मी सुद्धा, फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. माल नापास झाला तर फी परत. अट एकच, विकत घेताना दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे.

सांगितलं. स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये गेलो, सिरियलचं पाकीट मागितलं आणि अगदी नम्रपणे म्हणालो, "काका, कायद्यानं तुम्हाला सांगावं लागतं, हे मी लॅबला पाठवणार आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, पाकीट उचललं आणि परत फळीवर ठेवलं. "मग दुसरीकडनं घे की बाळा. आमच्यापशी कशाला." मी त्यांना दोष देत नाही. तो माल त्यांनी बनवलेला नाही, आणि तपासणी म्हणजे धाड एवढंच आजवर सगळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या दुकानात पाकीट मिळालं. तिथले काका मोबाईलवर मॅच बघत होते, त्यांनी मी काय म्हणालो ते ऐकलंही नसावं.

मग एका खाजगी लॅबला फोन लावला, म्हटलं सरकारी आणि खाजगी दोन्हीकडची चौकशी करू. फोनवरच्या मॅडम फार व्यवस्थित बोलल्या. "टोटल आर्सेनिक की इनऑरगॅनिक?" मी छाती फुगवून म्हणालो, "इनऑरगॅनिक." (दोन महिन्यांपूर्वी हा प्रश्न कळला तरी असता का!) पुढचा प्रश्न आला, "कुठल्या देशात एक्सपोर्ट करायचंय?"

मी म्हणालो, एक्सपोर्ट नाही, भाचीला द्यायचंय.

त्या हसल्या. वाईट अर्थानं नाही, पण हसल्या. त्यांच्याकडे ही तपासणी मागणारे बहुतेक तांदूळ बाहेर पाठवणारे असतात, कारण बाहेरचे लोक रिपोर्ट मागतात. घरातल्या बाळासाठी मागणारा मी त्यांना पहिलाच भेटलो असं त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलेला खर्च आपल्या एका महिन्याच्या मेस बिलाच्या वर जातो. आणि तोही एका पाकिटाचा. पुढच्या बॅचमध्ये काय आहे ते त्यावरून कळणार नाही, कारण पुढच्या बॅचचा तांदूळ दुसऱ्या शेतातला.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की हे काम ताईचं नाही, माझं नाही, आणि खरं सांगायचं तर एकट्या एफडीएचंही नाही. एफडीएचा माणूस किती दुकानं फिरणार? जो विकतो त्यानंच मोजावं, तयार मालाचं मोजावं, आणि मोजलेलं सगळ्यांना दाखवावं. 'तयार मालाचं' हा शब्द मुद्दाम घातलाय. अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये बेबी फूड कंपन्यांचे आतले कागद उघड केले, त्यात दिसलं की काही कंपन्या फक्त कच्चा माल तपासत होत्या. एका कंपनीच्या बाबतीत तयार मालात अजैविक आर्सेनिक कच्च्या मालावरून काढलेल्या अंदाजापेक्षा जास्त निघालं होतं, आणि संशय होता वरून घातलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणावर. जे पौष्टिक म्हणून घातलं त्यातूनच!

आणि 'दाखवावं' म्हणजे काय ते कॅलिफोर्नियानं करून दाखवलंय. तिथल्या कायद्यानं १ जानेवारी २०२४ पासून बेबी फूड बनवणाऱ्यांना दर महिन्याला तयार मालात आर्सेनिक, शिसं, कॅडमियम आणि पारा तपासावा लागतो, तोही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. १ जानेवारी २०२५ पासून ते आकडे जाहीर करावे लागतात. आपल्याकडे २०११ च्या नियमावलीत आर्सेनिकच्या मर्यादा आहेत. पण आकडा ग्राहकाला दाखवायची सक्ती नाही. मर्यादा आहे, मोजतही असतील, पण ताईनं त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? पाकिटावर हसणाऱ्या बाळाच्या चित्राच्या? माझी मागणी मोठी नाही. बॅच नंबर छापता ना, त्या बॅचचा आकडा द्या. एकूण की अजैविक ते लिहा. लॅबचं नाव आणि तारीख लिहा. मॅगीचा 'कुठे' आणि पावडरीचा 'कधी', दोन्ही प्रश्न कोर्टात जायच्या आधीच पाकिटावर सुटतील. प्रामाणिक कंपनीचा यात फायदाच आहे. उद्या कोणी अर्धवट रिपोर्ट घेऊन ओरडलं तर तिच्याकडे दर महिन्याचे आकडे असतील.

मेसमध्ये हा विषय काढला तेव्हा एका मित्रानं चांगलंच झापलं. त्याची आई भूम तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. म्हणाला, "तुम्ही शहाणे लोक असलं काही छापता आणि खेड्यातल्या बाया घाबरून पोराचं खाणंच बंद करतात. इथे पोरांचं वजन भरत नाही, आणि तू पीपीबी घेऊन बसलास." मला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. २०१८ साली नीती आयोगानं आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातला, तो काही उगाच नाही, आणि पोषण हा त्यातला मोठा विषय आहे. म्हणून ठळक सांगतो : सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं खाणं लागतंच, आणि भात बंद करा असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सुद्धा एवढंच म्हणतात की एकाच धान्यावर राहू नका, धान्यं बदलत राहा. पण त्याच मित्राला मी हेही म्हटलं, की तुझ्या आईच्या अंगणवाडीतून जे पाकीट घरोघरी जातं, त्यावर तरी हा आकडा नको का? जी बाई दुसरं काही विकत घेऊ शकत नाही तिला तर तो आधी मिळायला हवा. यावर तो काही बोलला नाही, ताटातली भाकरी मोडत बसला.

त्या भाकरीवरून आठवलं. धान्य बदलायला आपल्याला लांब जायलाच नको. आपला जिल्हा काही भाताचा नाही. आपल्याकडे शाळू पिकतो, काळ्या रानात, मुरलेल्या ओलीवर. त्याच्या मुळाशी महिनोन्महिने पाणी तुंबत नाही, म्हणजे खाचरातली ती सगळी भानगडच नाही. आपल्या आज्या ज्वारीच्या लाह्यांचं पीठ दुधात कालवून पोरांना द्यायच्या. तांदळाचं सिरियल हे शहरातून, टीव्हीवरून आलेलं कौतुक. मी कॉन्व्हेंटमध्ये होतो तेव्हा डब्यात भाकरी नेली की मुलं हसायची, म्हणून आईला भात दे म्हणून भांडायचो. असो.

उष्टावण झालं. खीर तांदळाचीच होती, आजीनं त्यात कोणाचं चालू दिलं नाही, आणि एका वाटीनं काही होत नाही हे एव्हाना मलाही कळलेलं होतं. चिऊनं पहिला घास माझ्या शर्टवर उडवला. आता ती एक दिवस मऊ भात खाते, एक दिवस लाह्यांचं पीठ, एक दिवस नाचणी. पेज बंद केलीय. ताई म्हणते, "आकडा कळला की सांग."

पाकीट माझ्या रूमवर आहे. सीलबंद, बॅच नंबरसकट, पावतीही ठेवलीय. एक्स्पायरीला अजून पाच महिने आहेत. या महिन्याच्या फीस्टचे पैसे लॅबला द्यायचे का, हे मी मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. गुलाबजामवाल्यांचा विरोध असणार हे धरून चाललोय, तेव्हा बाकीच्यांनी कृपया मीटिंगला यावं.